दरबार गेला, यादी राहिली

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागद पाहण्यासाठी गेल्या काही वर्षांत माझे त्या शहरात अनेकदा जाणे झाले. निवृत्तीनंतर इतिहासाकडे परतलेल्या माणसाजवळ वेळ भरपूर असतो. अशाच एका खेपेला ग्रंथालय बंद झाल्यावर संध्याकाळी एका हस्तकला मेळ्यात शिरलो. मेळा कोणत्याही शहरातल्या मेळ्यासारखाच होता. प्रवेशाची कमान, मान्यवरांच्या छायाचित्रांचा फलक, न थांबणारा ध्वनिक्षेपक आणि दोन्ही बाजूंना ओळीने मांडलेले गाळे.

एका गाळ्यात पन्नाशीचा एक बाहुलीकार पत्नीसह बसला होता. समोर मान आणि कंबर डोलवणाऱ्या नर्तकी होत्या, ज्यांना तिकडे ‘तलैयाट्टी बोम्मै’ म्हणतात, आणि शेजारी तळाशी जड गोल असलेल्या राजा-राणीच्या जोड्या. ढकलली की आडवी होणारी, सोडली की उभी राहणारी ही बाहुली बहुतेक वाचकांनी लहानपणी पाहिलेली असेल. माझे तमिळ तोडकेमोडके, त्याचे इंग्रजी तसेच. तरीही बोलणे झाले. कागदाच्या लगद्याला ऊन किती लागते, ईशान्य मोसमी पावसात काम का खोळंबते, वर्षाची खरी कमाई नवरात्रातल्या गोलूच्या मांडणीवर कशी अवलंबून असते, हे त्याने सांगितले. निघताना त्याने विचारले, “सर, पुढच्या मेळ्याच्या यादीत नाव घालायला कोणाला भेटावे लागते?”

मी सनदी सेवेत होतो, हे मी त्याला सांगितले नव्हते. ते चालण्याबोलण्यावरून कळत असावे. पण मला खटकले ते दुसरेच. पिढ्यान्पिढ्यांचे कसब असलेल्या माणसाने अनोळखी व्यक्तीला विचारलेला प्रश्न गिऱ्हाईक कसे मिळेल हा नव्हता, रंग स्वस्त कुठे मिळतात हाही नव्हता. यादीत नाव कसे लागेल, एवढाच होता.

अशा याद्या मी स्वतः केल्या आहेत. जिल्ह्यात असताना मी मेळे भरवले, त्यांचे अहवाल पाठवले. अहवालाचा नमुना ठरलेला असे: गाळे किती, राज्ये किती, भेट देणारे किती, विक्री किती. विक्रीचा आकडा शेवटच्या संध्याकाळी गाळ्यागाळ्यांतून विचारून गोळा केला जाई. कारागीर तो बेताने सांगत आणि आमचा कर्मचारी उदारपणे लिहून घेई. एका मेळ्यात तर उद्घाटनाच्या अर्धा तास आधी मला दिसले की गाळ्यावर ओळखपत्र एका कारागिराचे आहे, आणि मांडलेला माल शहरातल्या एका व्यापाऱ्याचा, तोही यंत्रावर काढलेला. खरा कारागीर मागे खोकी उचलत होता. गाळा रिकामा दिसू नये म्हणून मी काही न बोलता पुढे गेलो. त्या मेळ्याच्या अहवालात मी ‘अत्यंत यशस्वी’ असे शब्द लिहिले आहेत. ते कागद आजही कुठल्यातरी कपाटात असतील.

हस्तकला मेळ्यांवर माझा आक्षेप ते भरतात याबद्दल नाही. मेळा हेच धोरण मानले जाते आणि त्यामुळे कारागिराचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक सरकारच होऊन बसते, ही माझी तक्रार आहे. एकाच गिऱ्हाइकावर विसंबलेल्या कलेचे काय होते, हे समजण्यासाठी तंजावरइतके बोलके ठिकाण दुसरे नाही, आणि तो इतिहास मराठी वाचकाला परका नाही.

व्यंकोजींनी १६७६ च्या सुमारास तंजावरात मराठा राज्य स्थापन केले. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत त्या दरबाराने संगीत, नाट्य, वैद्यक, चित्रकला यांना दिलेला आश्रय सर्वज्ञात आहे. दुसऱ्या सरफोजींनी १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या हवाली केला, पण किल्ला, महसुलातील वाटा आणि दरबार त्यांच्याकडे राहिला. या दरबारासाठी कोल्लिडम नदीकाठच्या कोडाली करुप्पूर या गावात एक विलक्षण वस्त्र तयार होत असे. सुती पोतात जरीची नक्षी विणायची, त्यावर कलमाने मेण लावायचे, रंगात बुडवायचे आणि पुन्हा मेण, पुन्हा रंग. रंगाच्या आडून जर झळकावी अशी त्याची योजना. विणकर आणि रंगारी यांची दोन वेगळी कौशल्ये एकाच साडीत आणि एकाच पागोट्यात एकत्र येत. ही वस्त्रे राजघराण्यासाठी होती. मानवस्त्रे म्हणून ती अन्य मराठा दरबारांतही पोहोचली. बाजारात ती मिळत नसत.

१८५५ मध्ये दुसरे शिवाजी पुत्राविना वारले आणि कंपनीने गादी खालसा केली. त्यानंतर करुप्पूरच्या साडीला घेणारा उरला नाही. विणकरांचे हात एका रात्रीत थिजले नाहीत, गाव ओस पडले नाही. पण इतके खर्चिक वस्त्र बाजारासाठी कोण विणणार? एकोणिसावे शतक संपता संपता ते विणणे थांबले. आज त्याचे उत्तम नमुने पाहायचे तर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे वळावे लागते. करुप्पूरच्या परिसरात कलमकारी तगली, तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. मात्र ती मुख्यतः मंदिरांची छते, तोरणे, खांबांचे कापडी वेष्टन यांची कला आहे. तिचे गिऱ्हाईक देऊळ होते, आणि देवळे खालसा झाली नाहीत.

याच परिसरातील इतर कला १८५५ ओलांडून कशा आल्या, हेही पाहण्यासारखे आहे. स्वामीमलैच्या स्थपतींना मूर्ती घडवण्यासाठी शेकडो देवळे होती. नाचियारकोइलच्या पितळी समया घराघरांतून जात. वीणा वाजवणारे वादक आणि ती शिकणाऱ्या मुली राजाच्या मरणाने नाहीशा झाल्या नाहीत. बाहुलीला गोलू होता. तंजावर चित्रातील नवनीत कृष्ण देवघरांत लावला जात होता. दरबाराने या सर्वांना मोठे केले असेल, पण त्यांना जगवले ते विखुरलेल्या, सामान्य, वर्षानुवर्षे टिकणाऱ्या मागणीने. ज्या कलेला सर्वांत श्रीमंत आश्रयदाता लाभला होता, ती मात्र आश्रयदात्यामागोमाग गेली.

स्वातंत्र्यानंतर ही जागा सरकारने घेतली, आणि सुरुवातीला ती समजून-उमजून घेतली. १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले आणि कमलादेवी चट्टोपाध्याय त्याच्या अध्यक्ष झाल्या. त्यांच्या कामात भटकंती होती, कारागिरांच्या घरी जाणे होते, कच्च्या मालापासून शहरी घरातल्या वापरापर्यंतचा विचार होता. तमिळनाडूने १९७३ मध्ये हस्तकला विकास महामंडळ स्थापले. ‘पूंपुहार’ या नावाने त्याची दुकाने चालतात. १९९४ मध्ये दिल्लीत ‘दिल्ली हाट’ सुरू झाले, कारागिरांना आळीपाळीने पंधरा-पंधरा दिवसांचे गाळे देणारे. सूरजकुंडचा मेळा त्याआधीचा, १९८७ पासूनचा. यांतल्या प्रत्येक उपक्रमाने कोणाला ना कोणाला हात दिला. पण हळूहळू मूळ विचार मागे पडला आणि मंडप पुढे आला. खुद्द ते हस्तकला मंडळ २०२० च्या ऑगस्टमध्ये बरखास्त करण्यात आले. त्याबद्दल काही दिवस हळहळ झाली, नंतर विषय संपला.

कारागिराला मांडून दाखवण्याची हौस तशी जुनी आहे. १८८६ मध्ये लंडनला भरलेल्या वसाहती प्रदर्शनात हिंदी कारागीर प्रत्यक्ष काम करताना प्रेक्षकांसमोर बसवले होते. विणकर, कुंभार, तांब्याचे काम करणारे असे चौतीस जण. पिढीजात कसबी म्हणून ज्यांची वाहवा झाली, त्यांची जमवाजमव आग्र्याच्या मध्यवर्ती तुरुंगाच्या अधीक्षकाने केली होती आणि त्यांतील अनेकांनी ती कामे तुरुंगातच शिकलेली होती. आपल्या मेळ्यातला ‘प्रात्यक्षिक’ विभाग पाहताना मला हे चौतीस जण आठवतात. तुलना थोडी कठोर आहे, हे मान्य. आपला कारागीर स्वेच्छेने येतो, त्याला भत्ता मिळतो. तरीही त्याच्याभोवती उभ्या असलेल्या गर्दीत खरेदीदार किती आणि चित्रफीत काढणारे किती, याचा रकाना आपल्याही अहवालात नाही.

मेळ्याचा एक गुण मात्र निर्विवाद आहे. करणारा आणि घेणारा तिथे समोरासमोर येतात. तंजावर चित्राचेच उदाहरण घ्या. फळीवर कापड, त्यावर खडूची पूड आणि डिंकाचा लेप, उठावाचे काम, खडे आणि वर सोन्याचा वर्ख. २०२५ च्या एप्रिलमध्ये सोन्याने दहा ग्रॅमला लाखाचा टप्पा ओलांडल्यापासून या वर्खाचा खर्च चित्रकाराला पेलेनासा झाला आहे. शेजारच्या गाळ्यात मात्र पिवळ्या पत्र्याचा मुलामा दिलेले चित्र निम्म्याहून कमी किमतीत असते. दोन्ही विजेच्या दिव्याखाली सारखीच चमकतात. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही, म्हणून तो स्वस्ताचाच भाव देऊ करतो. खऱ्या वर्खाचा चित्रकार एक तर तोट्यात विकतो किंवा पुढच्या वर्षी तोही मुलामा वापरतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल हेच मांडले होते, त्यांना पुढे नोबेल मिळाले. सोन्याचा कस तपासण्याची सोय आज साध्या सराफाकडेही असते. मेळ्याच्या प्रवेशद्वारी मान्यवरांसाठी सोफे असतात, पण वर्ख तपासून देणारा एक माणूस बसवावा, असे मला नोकरीत असताना कधी सुचले नाही.

मग भौगोलिक मानांकन कशासाठी आहे, असा प्रश्न येईल. १९९९ चा कायदा २००३ मध्ये अमलात आला आणि त्याची नोंदणी कचेरी चेन्नईतच आहे. तंजावर आणि परिसराला तिचा लाभ भरपूर झाला. चित्रे, बाहुल्या, कलात्मक थाळ्या, स्वामीमलैच्या मूर्ती, २०१३ मध्ये वीणा, २०२० मध्ये नेट्टी म्हणजे पाणवनस्पतीच्या पांढऱ्या गाभ्यातून कोरलेल्या वस्तू, २०२२ मध्ये नरसिंगपेट्टैचे नागस्वरम. मानांकन मिळाले की वृत्तपत्रांत बातमी येते आणि बहुतेकांच्या लेखी काम तिथे संपते. कायद्यात मात्र पुढची पायरी आहे. नोंदणीकृत मालक ही बहुधा संस्था किंवा महामंडळ असते. प्रत्यक्ष कारागिराला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. ती केली नाही, तर वस्तूच्या नावाला संरक्षण मिळते, ती घडवणाऱ्या माणसाच्या हाती काहीच राहत नाही.

महाराष्ट्राने याचा अनुभव नुकताच घेतला. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या मंचावर कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा आपण सारे संतापलो. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. न्यायालयाने ती फेटाळली, कारण मानांकनाचे नोंदणीकृत मालक म्हणजे महाराष्ट्र आणि कर्नाटकची चर्मोद्योग महामंडळे स्वतः पुढे आली नव्हती. चपला शिवणाऱ्यांच्या वतीने बोलू पाहणाऱ्यांना कायद्याने दारातच थांबवले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये मानांकन मिळाले आहे. तिथल्या किती वाद्यकारागिरांची नावे अधिकृत वापरकर्त्यांच्या यादीत लागली, हा प्रश्न सांगलीच्या लोकप्रतिनिधींनी विचारायला हरकत नाही. ही यादी मेळ्याच्या यादीपेक्षा कितीतरी मोलाची आहे.

आता एक प्रशासकीय बारकावा सांगतो, कारण कारागिराचे आयुष्य मोठ्या धोरणांपेक्षा अशा बारकाव्यांत अडकते. वस्तू व सेवा कराच्या कायद्यात परराज्यात माल विकणाऱ्याला नोंदणी सक्तीची आहे. हस्तकला वस्तूंना यातून सूट दिली गेली; वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या कारागिराला नोंदणीशिवाय परराज्यातल्या मेळ्यात विक्री करता येते. ही २०१७ ची तरतूद चांगली होती. पण सूट घेणाऱ्यावर एक अट आली. माल दुसऱ्या राज्यात नेताना त्याने ई-वे बिल काढलेच पाहिजे, मालाची किंमत कितीही असो. इतरांना सर्वसाधारणपणे ५० हजारांपर्यंतच्या मालाला ते लागत नाही. म्हणजे नोंदणीकृत व्यापारी चाळीस हजारांचा माल बिनघोर पाठवतो आणि तंजावरचा बाहुलीकार आठ हजारांच्या बाहुल्या घेऊन पुण्याला निघाला, तर त्याला संगणकावर बिल काढावे लागते. सूट देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. सूट दिली तर तिचा गैरवापर होईल ही आम्हा अधिकाऱ्यांची सनातन भीती मात्र त्या अटीत स्पष्ट वाचता येते.

याच कराच्या २०१८ च्या अधिसूचनेत हस्तकला वस्तूंचा तक्ता आहे. त्यात लाकूड, धातू किंवा कापडाच्या बाहुल्या-खेळण्यांच्या नोंदीत सावंतवाडी, चन्नपट्टणा आणि तंजावर ही तीन नावे एकत्र आली आहेत. सावंतवाडीची खेळणी लाकडाची, चन्नपट्टणाचीही लाकडाची. तंजावरची बाहुली घडते ती प्रामुख्याने माती आणि कागदाच्या लगद्यातून. यादी करणाऱ्याने ती कधी हातात घेऊन पाहिली असेल असे वाटत नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये हस्तकला वस्तूंवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे स्वागतार्हच. ई-वे बिलाची ती अट मात्र दर कमी केल्याने जात नाही. ती वेगळी काढावी लागेल, आणि त्यासाठी तिजोरीला फारसा खर्चही नाही.

योजनांच्या पातळीवर तर तंजावरचा कारागीर दोन सरकारांच्या मधोमध उभा आहे. केंद्राची ‘पीएम विश्वकर्मा’ योजना २०२३ च्या सप्टेंबरमध्ये १८ व्यवसायांसाठी सुरू झाली. कौटुंबिक व्यवसायाच्या अटीतून जातीची चौकट बळकट होते, असा आक्षेप घेत तमिळनाडूने ती आहे त्या स्वरूपात नाकारली आणि २०२५ मध्ये स्वतःची, २५ व्यवसायांची योजना आणली. आक्षेपात तथ्य आहे, असे माझे मत. मुलाने बापाचाच धंदा करावा हे सरकारने सुचवू नये. पण केंद्राच्या अठरा व्यवसायांत बाहुली-खेळणीकार आहे आणि वाद्ये घडवणारा नाही, याकडे या वादात फारसे कोणी लक्ष दिले नाही. फणसाच्या एका खोडातून एकसंध वीणा कोरणाऱ्याला सुतार म्हणून अर्ज करावा लागावा, हे तंजावरइतकेच मिरजेलाही लागू आहे.

मेळे बंद करा, असे मी म्हणणार नाही. जिथे वर्षाच्या आरंभीच पुढच्या बारा महिन्यांचे मेळे आणि निवडलेल्या कारागिरांची नावे जाहीर होतील, तिथे कोणाला भेटावे लागते हा प्रश्नच उरणार नाही. आज पत्र येते ते अनेकदा आठ-दहा दिवस आधी. तेवढ्यात लगदा सुकतसुद्धा नाही. गाळ्यात बसलेला माणूस ती वस्तू करतो की नाही, हे तपासायला पाच मिनिटे पुरतात: त्याच्या हाती हत्यार द्यावे. माझ्यासारख्या अधिकाऱ्याने ती पाच मिनिटे काढावीत एवढेच. आणि अहवालाच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा: मेळा संपल्यानंतर सहा महिन्यांत त्या गाळ्यातल्या कारागिराला किती मागण्या आल्या. हा आकडा एका संध्याकाळी फिरून गोळा करता येत नाही, म्हणूनच तो हवा.

पुढच्या मागण्या यायच्या तर माल पोहोचायला हवा. बाहुली नाजूक, मूर्ती जड, आणि परदेशी गिऱ्हाइकाला तर मूर्ती पुरातन नसल्याचा पुरातत्त्व खात्याचा दाखलाही लागतो. टपाल खात्याने निर्यातीसाठी डाकघर केंद्रे उघडली आहेत. त्यांचा एक टेबल, खोकी आणि भुसा यांसह, मेळ्यात आणून ठेवणे अवघड नाही. मी पाहिलेल्या मेळ्यांत खाद्यपदार्थांचे वीस गाळे होते, पार्सल बांधून देणारा एकही नव्हता.

त्या संध्याकाळी मी राजा-राणीची एक जोडी घेतली. बाहुलीकाराच्या पत्नीने ती वर्तमानपत्रात गुंडाळली आणि एक जाड वही पुढे केली. त्यांच्याकडून बाहुल्या नेलेल्या लोकांची नावे, गावे आणि दूरध्वनी क्रमांक तिच्यात होते. गोलूच्या दोन महिने आधी ती स्वतः एकेकाला फोन लावते; काही जण दरवर्षी एक नवी बाहुली मागवतात. तमिळ अक्षरांतली नावे मला नीट वाचता आली नाहीत, पण पाने बरीच भरली होती. मी माझे नाव लिहिले. बाहेर पडताना प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर मेळ्याची अधिकृत नोंदवही दिसली. कातडी बांधणीची, कोरी करकरीत. पहिले पान उद्घाटकांच्या अभिप्रायासाठी राखून ठेवलेले होते.